बारावीच्या मार्कांनी आता कोणतं दार उघडतं?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं. गटात वाचून दाखवता यावं म्हणून इथे छापलं आहे.)



जून उजाडला की गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागण्या बदलतात. एरवी शेळी, बियाणं, दवाखाना, शिलाई मशीन अशी कारणं असतात. या दिवसांत एकेक बाई सांगायला लागते, "लेकरू दहावी झालं, लातूरला क्लास लावायचाय." कुणी नांदेड म्हणतं. रक्कम मोठी असते. कशासाठी म्हटलं की उत्तर येतं, "डॉक्टर करायचंय." मग आम्ही विचारतो, परीक्षा कोणती द्यायची आहे? इथे बहुतेक वेळा बैठक गप्प होते. "ते क्लासवाल्याला ठावं," असं कुणीतरी म्हणतं.

ज्या परीक्षेसाठी गट पैसे देतो, तिचं नाव आणि नियम गटाला माहीत असायला पाहिजेत. म्हणून आज त्याच्यावर बोलू.

आपल्या पिढीच्या डोक्यात एक हिशोब पक्का बसलेला आहे: बारावीला मार्क चांगले पडले की ॲडमिशन मिळते. हा हिशोब एकेकाळी खरा होता, आणि लातूरचं नाव त्याच्यावरच झालं. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय इथल्या प्राध्यापकांनी मुलांकडून बोर्डाच्या धर्तीवर पेपर लिहून घेतले, तपासून परत दिले, पुन्हा लिहून घेतले. सुट्टीतही वर्ग भरायचे. शाहू कॉलेजचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांचं नाव तेव्हापासून घराघरात पोचलं. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत मराठवाड्यातल्या खेड्यांतली मुलं झळकायला लागली आणि लोक ‘लातूर पॅटर्न’ म्हणायला लागले. त्याच्यात जादू काही नव्हती. लिहिण्याचा सराव आणि शिस्त होती, आणि जी परीक्षा प्रवेश ठरवते तिचीच तयारी होती. शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे बदलली ती परीक्षाच.

आधी राज्याने स्वतःची सीईटी आणली. मग २०१३ च्या ५ मे रोजी देशभरासाठी एकच परीक्षा झाली, ती नीट. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. राज्याची सीईटी परत आली. २०१६ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने तो जुना निकाल मागे घेतला आणि त्याच वर्षापासून नीट घ्या म्हणून सांगितलं. मुलं तर सीईटीच्या तयारीत होती. मे महिन्यात केंद्राने वटहुकूम काढून राज्यांना त्या एका वर्षाची सूट दिली, तेव्हा कुठे घराघरातला जीव भांड्यात पडला. २०१७ पासून मात्र डॉक्टरकीला नीट म्हणजे नीटच. आधी ती सीबीएसई घ्यायची, २०१९ पासून एनटीए नावाची राष्ट्रीय संस्था घेते.

एवढा फेरफार कशासाठी, असं कुणीही विचारेल. खाजगी मेडिकल कॉलेजं आपापल्या परीक्षा घ्यायची, त्यात डोनेशनचा बाजार चालायचा, आणि एका मुलाला दहा फॉर्म भरून दहा गावं फिरावी लागायची. एकच परीक्षा झाली की हे थांबेल, असं म्हणणं होतं. दहा फॉर्मांचा त्रास खरंच गेला. खर्च मात्र क्लासच्या फीत जाऊन बसला.

आता घराच्या दृष्टीने काय बदललं ते बघू. बारावीचे मार्क नीटमध्ये धरतच नाहीत. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या तीन विषयांत मिळून ५० टक्के पाहिजेत, राखीव प्रवर्गाला ४०. एवढं झालं की बारावीचं काम संपलं. तुमच्या पोरीला ९२ पडले आणि शेजारणीच्या पोरीला ६१, तरी नीटच्या दारात दोघी सारख्याच. दुसरं, नीटमध्ये अकरावीचाही अभ्यासक्रम येतो. आपल्याकडे अकरावी म्हणजे दहावीचा शीण घालवायचं वर्ष समजायचे. लग्नकार्यं, शेतातली कामं सगळी त्याच वर्षात. ते वर्ष आता अर्ध्या परीक्षेचं आहे.

आणि तिसरं, चुकीची किंमत. पेपरात १८० प्रश्न असतात, ९० बायोलॉजीचे, ४५ फिजिक्सचे, ४५ केमिस्ट्रीचे. बरोबर उत्तराला ४ गुण, म्हणून एकूण ७२०. चुकीच्या उत्तराला मिळालेल्यातून १ वजा. बोर्डाच्या पेपरात आपण लेकरांना सांगतो, काहीही कर पण कोरं सोडू नको. इथे दहा प्रश्नांवर अंदाजाने गोल काळे केले, दोन बरोबर आले, आठ चुकले, तर आठ मिळाले आणि आठ गेले. हाती शून्य. लिहिण्यात हुशार असलेलं लेकरू या पेपरात अडखळतं ते अशामुळे. त्याची बुद्धी कमी झालेली नसते, सराव दुसरा लागतो.

पेपर मराठीतही मिळतो, हे बऱ्याच घरांत माहीत नाही. फॉर्म भरताना मराठी निवडली तर मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतले प्रश्न समोर येतात. मराठी शाळेतून आलेल्या पोरीने हे जरूर बघावं. पण क्लासमध्ये सगळं इंग्रजीतून चालत असेल, तर परीक्षेच्या दिवशी मराठी शब्दच परके वाटतात, म्हणून हा निर्णय अकरावीतच घ्यायचा.

"माझी पोरगी नीट पास झाली," असं कुणी सांगितलं तर आनंद करा, पण पुढचा प्रश्न विचारा: किती गुण? २०२५ ची गोष्ट घ्या. देशात २२ लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसली, १२ लाखांहून जास्त पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा देशात सगळ्या मिळून सव्वा लाखाच्या आत-बाहेर. म्हणजे दहा पात्र मुलांत एकालाच जागा. त्या वर्षी खुल्या वर्गाला पात्र व्हायला ७२० पैकी १४४ गुण पुरले. १४४ वाल्याला सरकारी कॉलेज मिळत नाही. त्याला मिळतात फोन, "मॅनेजमेंट कोट्यातून बसवून देतो, एवढे लाख भरा" म्हणणारे. पात्र होणं म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी. नंबर लागणं वेगळं.

पर्सेंटाईल नावाचा शब्दही इथेच समजून घ्या. टक्के आणि पर्सेंटाईल एक नव्हेत. नळावर शंभर बायका उभ्या आहेत आणि तुमच्या मागे नव्वद आहेत, तर तुम्ही नव्वद पर्सेंटाईलवर. तुमच्या घागरीत पाणी किती, याचा त्याच्याशी संबंध नाही. राज्याच्या सीईटीचा निकाल असा रांगेतल्या जागेने सांगतात, कारण ती परीक्षा कॉम्प्युटरवर बऱ्याच दिवसांत, वेगवेगळ्या पाळ्यांत होते, आणि सकाळच्या पाळीचा पेपर सोपा, दुपारचा अवघड असं होऊ शकतं. "९० पडले" ऐकून पेढे वाटण्याआधी ते टक्के की पर्सेंटाईल, हे विचारा.

आता कोणत्या दाराला कोणती परीक्षा, हे बघू. नांदेड-लातूरकडच्या घरांचं लक्ष ज्याच्यावर असतं तेवढंच सांगतो.

एमबीबीएस, दाताचे डॉक्टर, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, सगळ्यांना नीट. आणि एक गोष्ट ठळक सांगायची, कारण इथे घरं फसतात: जनावरांच्या डॉक्टरकीलाही नीटच. उदगीरला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आपल्या दारातलं. पुष्कळांना वाटतं ते शेतकी शिक्षणाबरोबर आहे, म्हणून मुलगी फक्त सीईटी देते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये नीटचा फॉर्म हुकतो. तो हुकला की वर्ष गेलं.

इंजिनिअरिंग, बी.फार्म आणि बी.एस्सी. ॲग्रीला राज्याची एमएचटी-सीईटी. नांदेडचं श्री गुरु गोविंदसिंहजी इंजिनिअरिंग कॉलेज, लातूरचं कृषी महाविद्यालय, दोन्हींकडे जायची वाट तिच्यातूनच. या परीक्षेत चुकीला गुण कापत नाहीत, आणि प्रश्नांत अकरावीचा भाग पाचवा हिस्सा, बाकी बारावीचा. खेड्यातल्या कॉलेजात मन लावून शिकलेल्या मुलीला ही परीक्षा नीटपेक्षा जवळची वाटते, असा आमचा अनुभव आहे. २०२६ पासून ती वर्षात दोनदा घ्यायची, दुसरी ज्याला वाटेल त्याने द्यायची आणि चांगला निकाल धरायचा, असं सरकारने जाहीर केलं आहे.

बी.एस्सी. नर्सिंगला राज्याची वेगळी सीईटी असते. आणि बीसीए, बीबीए! बारावीच्या मार्कांवर सरळ मिळणारे हे कोर्स होते. २०२४ ला अचानक सीईटी लागली. मे महिन्यात पहिली परीक्षा झाली, पुष्कळ मुलांना पत्ताच नव्हता, जागा रिकाम्या राहणार असं दिसल्यावर ऑगस्टमध्ये पुन्हा घ्यावी लागली. काही कॉलेजांनी तर कोर्सचं नाव बदलून घेतलं, म्हणजे सीईटीची कटकट नको. नियम किती भराभर बदलतो आणि बदलल्याचं गावापर्यंत किती उशिरा येतं, हे याच्यावरून ओळखा. गेल्या वर्षी भावजयीच्या पोरीला काय लागलं होतं, यावर यंदाचा निर्णय घेऊ नका.

परीक्षेशिवायची दारंही आहेत, आणि त्यांना कमी लेखायचं कारण नाही. दहावीच्या मार्कांवर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा मिळतो. तो चांगला झाला तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, मध्ये सीईटी नाही. डी.फार्म बारावीच्या मार्कांवर. साधी बी.एस्सी. आहेच. क्लासची जाहिरात ही वाट सांगत नाही, कारण तिच्यात क्लासची फी नाही.

आता सीमेवरच्या तालुक्यांसाठी. देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर, देवणी, निलंगा इकडच्या बायांनी कान देऊन ऐका. बिदर जवळ, हैदराबादची क्लासेस नावाजलेली, म्हणून दहावीनंतर लेकरू तिकडे घालतात. आपल्या राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत १५ टक्के जागा देशभरासाठी, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या. या ८५ टक्क्यांसाठी अधिवासाचा दाखला तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली पाहिजे. बारावी बिदरला झाली की सातबारा तुमच्या नावावर असला, आजा-पणजा इथलेच असले, तरी मुलगी त्या रांगेतून बाहेर. सरकारी नोकरांच्या बदल्यांसारख्या काही सवलती आहेत, पण शेतकऱ्याच्या घराला त्यांचा उपयोग नाही. लातूर-नांदेडची वाट लांब पडली तरी ती आपल्या बाजूची आहे.

मराठवाड्याच्या बाबतीत एक चांगला बदलही झाला, तो सांगितलाच पाहिजे. पूर्वी ७०:३० असं सूत्र होतं. विभागातल्या मेडिकल जागांपैकी ७० टक्के त्याच विभागातल्या मुलांना, ३० टक्के सगळ्या राज्याला. ऐकायला बरं, पण मराठवाड्यात कॉलेजं थोडी: अंबाजोगाई, नांदेड, लातूर, औरंगाबाद अशी बोटावर मोजण्यासारखी. मुलं हुशार आणि जागा कमी. पुण्या-मुंबईकडच्या मुलाला ज्या गुणांवर जागा मिळे, त्या गुणांवर आपल्या लेकराला मिळत नसे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये हे सूत्र रद्द झालं. तेव्हाचे वैद्यकीय शिक्षण मंत्री अमित देशमुख लातूरचेच. त्यानंतर धाराशिव, परभणी, हिंगोली इथेही सरकारी मेडिकल कॉलेजं निघाली.

पैशाकडे येऊ. गटातून ५०,००० उचलले आणि शेकडा दोन रुपये व्याज असेल, तर महिन्याला १,००० आणि वर्षाला १२,००० नुसतं व्याज. क्लास दोन वर्षांचा. खोली आणि मेस वेगळी. नीटला बसायची संधी कितीही वेळा आहे, वयाची वरची अट नाही, म्हणून ‘रिपीट’ नावाचं तिसरं वर्ष आणि कधी चौथंही येतं. आणि इथेच आम्हाला एक गोष्ट खुपते. गटाच्या वह्या काढून बघा, रिपीटसाठी कर्ज कुणाच्या नावावर निघतं. पोराला पहिल्या वेळी जमलं नाही तर "अजून एक साल बघू". पोरीला जमलं नाही तर "आता स्थळ बघू". परीक्षा दोघांना एकच, गुण मोजायची रीत एकच, संधी मात्र घरात वाटली जाते. नियम कुठेही असं म्हणत नाही.

मुलींच्या बाजूने एक नियम उलट मोठा आधाराचा आहे. ८ जुलै २०२४ च्या सरकारी निर्णयाने, घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक शिक्षणातली शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी आधीपासून वेगळ्या योजना आहेत. अट बारीक आहे पण महत्त्वाची: प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतला तर माफी नाही. आणि कॅपमध्ये बसायला ती-ती प्रवेश परीक्षा दिलेली असावी लागते. "सीईटी कशाला, आपण डायरेक्ट घेऊ" म्हणणारा एजंट मुलीची फी माफी घालवतो आणि वर स्वतःचं कमिशन घेतो.

एजंटांचं आणखी एक. २०२४ च्या नीटमध्ये पेपरफुटीचं प्रकरण देशभर गाजलं. लातूरमध्येही दोन जिल्हा परिषद शिक्षकांना अटक झाली, तपास सीबीआयकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने सगळी परीक्षा पुन्हा घ्यायला नकार दिला, पण गोंधळ झाला तो झालाच, आणि रात्र-रात्र अभ्यास करणाऱ्या पोरांचा जीव वर्षभर टांगणीला लागला. पैसे घेऊन गुण वाढवून देतो म्हणणारा माणूस तुमच्या दारी आला, तर तो दोनच गोष्टी करू शकतो: पैसे बुडवेल, नाहीतर लेकराला गुन्ह्यात ओढेल.

मग ही परीक्षा न्यायाची आहे का? आमच्यात यावर भांडण होतं. तामिळनाडू सरकार म्हणतं, नाही. त्यांनी न्यायमूर्ती ए. के. राजन यांची समिती बसवली, तिने २०२१ मध्ये सांगितलं की नीटमुळे खेड्यातल्या आणि तमिळ माध्यमातल्या मुलांचं प्रमाण घटलं. त्या राज्याने सरकारी शाळेतल्या मुलांसाठी मेडिकलच्या साडेसात टक्के जागा राखल्या आहेत, २०२० पासून. अमेरिकेत करोनाच्या काळात पुष्कळ विद्यापीठांनी प्रवेश परीक्षेची सक्ती काढली, पुढे एमआयटीसारख्यांनी परत आणली. त्यांचं म्हणणं, गरीब घरातलं हुशार लेकरू परीक्षेच्या गुणांवरूनच आम्हाला सापडतं. दोन्हींत तथ्य आहे. आम्हाला विचाराल तर परीक्षा एक असायला हरकत नाही, पण तिची तयारी गावातल्या कॉलेजात होत नसेल, ज्याच्याकडे लाखाची फी आहे त्यालाच ती मिळत असेल, तर पेपर एक असून काय उपयोग? सरकारी शाळेच्या मुलांना राखीव जागा ही मागणी महाराष्ट्रात महिलांच्या गटांनी करायला हवी. ग्रामसभेत ठराव घेता येतो.

कधी कधी लेकरू खोलीवरून फोनवर नुसतं रडतं. क्लासच्या टेस्टचे मार्क दर आठवड्याला भिंतीवर लागतात, रँक मोबाईलवर येते. जेवत नाही, झोपत नाही असं कळलं तर टेस्टचं विचारू नका, एसटी धरून जा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

कागदांचं आता सांगतो आणि थांबतो. परीक्षा चांगली जाऊनही जागा जाते ती कागदामुळे. अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला. ओबीसी, एसईबीसी, व्हीजेएनटी असाल तर नॉन-क्रीमीलेअर, आणि त्यावरची मुदत ज्या वर्षी प्रवेश त्या वर्षासाठी चालणारी आहे ना, ते वाचून घ्या. सगळ्यात वेळ खातं ते जात वैधता प्रमाणपत्र. जिल्हा जात पडताळणी समितीकडे कॉलेजमार्फत अर्ज जातो, वडिलांचा, आजोबांचा शाळेचा उतारा लागतो, तो मिळवताना जुनी शाळा, जुनं गाव शोधावं लागतं. अकरावीत नाव घातलं की त्याच महिन्यात अर्ज टाका. नावात फरक असेल, आधारवर ‘सुनिता’ आणि दहावीच्या सनदेवर ‘सुनीता’, तर तेही आताच दुरुस्त करा. जून-जुलैत सेतूवर रांग लागते, सर्व्हर बंद पडतो, आणि फेरीची तारीख कुणासाठी थांबत नाही.

पुढच्या मंगळवारी कॅपचा पसंतीक्रम कसा भरायचा ते बोलू. ज्यांच्या मुली यंदा बारावीला आहेत त्यांनी त्यांनाही रेडिओजवळ बसवा, फॉर्म त्याच भरणार आहेत.